चेंडूची लकाकी असेपर्यंत

स्कोअरबुकात ज्या चेंडूवर धाव निघत नाही तिथे टिंब द्यायचं असतं. षटकातली सहाही टिंबं असली की ती रेघांनी जोडून ‘एम’ काढायचा. निर्धाव षटकाची ती खूण. ऐंशीच्या दशकात कांगा लीगचे तीन मोसम मी एका क्लबासाठी हे काम केलं. कांगा लीग म्हणजे ऐन पावसाळ्यातलं क्रिकेट. मैदानात घोट्याएवढं गवत, खेळपट्टी वरून सुकलेली आणि आतून ओली. आझाद मैदानावर एका रविवारी समोरच्या संघाचा सलामीवीर एक षटक खेळला, ते माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पहिला चेंडू टप्प्यावरून उसळला आणि त्याच्या अंगठ्यावर बसला. दुसरा त्याने सोडला. ऑफ स्टंपच्या दोन बोटं बाहेरून गेला. तिसरा टप्पा पडून थांबलाच. त्याची बॅट पुढे गेली होती, पण मनगटं त्याने अशी सैल सोडली की चेंडू पायाशीच मेला. चौथ्यावर तो सपशेल चकला. पाचव्याला मान मागे घेतली. सहावा पुन्हा सोडला. मी सहा टिंबं दिली, ती जोडली, ‘एम’ काढला.

अकरा धावा करून तो बाद झाला तेव्हा चेंडू मऊ पडला होता, खेळपट्टीही जरा निवली होती. मागून आलेल्या दोघांनी सामना जिंकून दिला. माझ्या पानावर त्याच्या नावापुढे ११ एवढंच राहिलं.

कसोटीतला सर्वोत्तम सलामीवीर कोण, हा वाद पेटला की मला ते पान आठवतं. वाद सुरू होतो सरासरीपासून आणि संपतो शतकांपाशी. सलामीवीराचं निम्मं काम मात्र टिंबांत असतं. अंगठ्यावर बसलेला चेंडू, जाणूनबुजून सोडलेला चेंडू आणि नशिबाने चुकलेला चेंडू, तिघांनाही पुस्तकात एकच खूण.

सरासरीच धरायची, तर वाद पाच मिनिटांत मिटायला हवा. हर्बर्ट सटक्लिफची सरासरी ६०.७३, जॅक हॉब्जची ५६.९४, लेन हटनची ५६.६७, सुनील गावसकरची ५१.१२, मॅथ्यू हेडनची ५०.७३. म्हणजे सटक्लिफ पहिला. पण ज्यांनी हॉब्ज-सटक्लिफ जोडीला खेळताना पाहिलं त्यांनी हॉब्जलाच वरचं स्थान दिलं. धावांची रास मोजायची, तर १६१ कसोटींत १२,४७२ धावा करणारा अॅलिस्टर कुक सर्वांच्या पुढे. पण त्यालाही कोणी पहिला म्हणत नाही. बॅरी रिचर्ड्सला वर्णद्वेषामुळे चारच कसोटी मिळाल्या, त्यांत ५०८ धावा आणि ७२.५७ची सरासरी. म्हणजे आकडे देऊनही माणसं आकड्यांवर थांबत नाहीत. त्यांना दुसरं काहीतरी दिसलेलं असतं. ते काय, हे मला सांगायचं आहे.

मधल्या फळीतला फलंदाज पॅड बांधून बसतो आणि बघतो. चेंडू किती उसळतोय, कुठल्या टोकाकडून हलतोय, फिरकी कधी सुरू होते, सगळं त्याला आयतं कळतं. सलामीवीराला ही सोय नाही. कधी दीड-दोन दिवस क्षेत्ररक्षण करून, पाय जड झालेले असताना, तो दहा मिनिटांत पुन्हा मैदानात उतरतो. समोर ताजा गोलंदाज, हातात कडक चेंडू, शिवण उभी. खेळपट्टी आज कशी आहे हे संघाला कळतं ते त्याच्याकडून. म्हणून मला विचाराल तर सलामीवीराची परीक्षा एकच: वाईट खेळपट्टीवर, सगळ्यांच्या आधी जाऊन, त्याने संघासाठी काय उभं केलं?

या परीक्षेत हॉब्ज बसतो तसा दुसरा कोणी बसत नाही. त्याच्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडून गेला आणि ऊन तापलं, की वरचा थर सुकायचा, खालचा ओलाच राहायचा. अशा मातीत टप्पा पडला की चेंडू कधी छातीवर यायचा, कधी हातभर वळायचा. १९२६च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर रात्री पाऊस झाला आणि सकाळी इंग्लंडच्या सलामीच्या जोडीला अशाच खेळपट्टीवर डाव पुढे न्यायचा होता. हॉब्जने १०० केल्या, सटक्लिफने १६१. पहिल्या विकेटसाठी १७२. इंग्लंडने सामना २८९ धावांनी जिंकला आणि अॅशेस परत मिळवली.

मला त्याहून जवळचा वाटतो तो मेलबर्नचा डाव, १९२९च्या जानेवारीतला. हॉब्ज ४६ वर्षांचा होता. इंग्लंडला ३३२ हव्या होत्या आणि खेळपट्टी पावसाने पार बिघडली होती. दोघांनी १०५ धावांची सलामी दिली. हॉब्जच्या स्वतःच्या ४९. सटक्लिफने पुढे १३५ केल्या आणि इंग्लंड तीन विकेट राखून जिंकलं. खेळता खेळताच हॉब्जने मैदानातून निरोप पाठवला होता, की पहिली विकेट पडली तर जार्डिनला धाडा. या मातीवर कोण टिकेल, हे त्याला पायाखाली कळलं होतं. ४९ हा आकडा कुठल्याही विक्रमांच्या यादीत सापडणार नाही. माझ्या लेखी सलामीच्या फलंदाजीचा तो कळस आहे.

आता आपल्या सुनीलकडे येतो. आपल्याकडे त्याची बाजू मांडताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर तेरा शतकं, आणि तीही हेल्मेटशिवाय. तेरा खरी आहेत. पण मला सुनील फार प्रिय आहे, म्हणूनच ती नीट मोजावीत असं वाटतं. पहिली चार १९७१च्या दौऱ्यातली, ज्यात त्याने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. तेव्हा हॉल आणि ग्रिफिथ निवृत्त झाले होते आणि पुढची पिढी अजून आली नव्हती. आणखी चार १९७८-७९च्या मोसमात भारतात झाली. सिल्व्हेस्टर क्लार्क होता, मार्शल नवखा होता, पण रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, क्रॉफ्ट सगळे पॅकरच्या बंडखोर मालिकेत होते. १९७६मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला दोन शतकं आहेत. त्यांतलं दुसरं, १०२, आपण ४०३चं लक्ष्य गाठलं त्या सामन्यातलं. तिथे होल्डिंग होता, पण बराचसा मारा फिरकीचा होता. तेव्हा ज्या चित्रावर आपण तेरा शतकं टांगतो, ते चौघं वेगवान गोलंदाज एकामागून एक धावत येतानाचं चित्र, त्याला खरोखर लागू पडतात ती मोजकीच. १९८३चं जॉर्जटाउनचं नाबाद १४७, त्याच वर्षअखेरीची दिल्लीची १२१ आणि मद्रासची नाबाद २३६.

असं मोजल्याने सुनील लहान होतो का? मला तो उलट जास्त स्पष्ट दिसतो. कानपूरला मार्शलच्या चेंडूने त्याच्या हातातली बॅट उडवली होती. चौतिशीतला माणूस, सगळा देश म्हणतोय की आता संपला. पुढच्याच कसोटीत, दिल्लीला, त्याने मार्शल आणि होल्डिंगवर चाल केली आणि ९४ चेंडूंत शतक ठोकलं. मग मद्रास. तिथे त्याने ठरवलं होतं चौथ्या क्रमांकावर यायचं. मार्शलने एकही धाव फलकावर लागायच्या आत दोघांना घालवलं, आणि सुनील आला तेव्हा चेंडू नवाच होता. तांत्रिकदृष्ट्या ते शतक सलामीचं नाही, आणि तरी त्याच्या सलामीच्या ३३ शतकांइतकंच ते सलामीचं आहे.

सुनीलच्या कौतुकात एक माणूस कायम मागे राहतो, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चेतन चौहान. पुण्यात वाढलेला, वाडिया कॉलेजचा. ४० कसोटी, एकही शतक नाही, सर्वोच्च ९७. आकडा बघून कोणी त्याला कुठल्या यादीत घेणार नाही. पण सुनीलबरोबर त्याने दहा शतकी सलाम्या दिल्या. ४ सप्टेंबर १९७९ला ओव्हलवर ४३८चं लक्ष्य होतं. आमच्याकडे रात्र झाली होती. रेडिओला कान लावून बसलेले आम्ही सगळे सुनीलच्या धावा मोजत होतो, आणि २२१ झाल्या म्हणून आजही त्याच सांगतो. त्या दिवशी सलामी होती २१३ धावांची आणि त्यात चौहानच्या ८० होत्या. विलिस, बोथम, हेंड्रिक यांचा नवा चेंडू त्याने अर्धा वाटून घेतला नसता, तर सुनीलला त्या डावात हात मोकळे करायला जागाच मिळाली नसती. आपण ८ बाद ४२९वर थांबलो, नऊ धावा कमी पडल्या. सलामीवीर एकटा मोजायचा नसतो, जोडी मोजायची असते, असं मला त्या रात्रीपासून वाटत आलं आहे. हॉब्ज आणि सटक्लिफ यांच्या सलामीची सरासरी ८७ धावांहून अधिक होती. हा मला कसोटी क्रिकेटमधला सर्वांत थोर आकडा वाटतो, कारण तो कोणा एकाचा नाही.

या कामाची कदर किती कमी होते, याला माधव आपटे यांच्याइतका बोलका दाखला नाही. १९५३च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ४६० धावा केल्या, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३. सात कसोटींत सरासरी ४९.२७. त्यानंतर त्यांना भारताकडून पुन्हा कधीही खेळवलं नाही. वयाच्या विशीतच त्यांची कसोटी कारकीर्द आटोपली. मला याचा अजून राग येतो.

वीरेंद्र सेहवागचं काय, हा प्रश्न हमखास येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. दोन त्रिशतकं, मुलतानला ३०९ आणि चेन्नईला ३१९. त्याने नव्या चेंडूची भीती गोलंदाजाच्या बाजूला नेली. २००८च्या डिसेंबरमध्ये चेन्नईला इंग्लंडने ३८७चं लक्ष्य दिलं, तेव्हा चौथ्या संध्याकाळी ६८ चेंडूंत ८३ करून त्याने सामन्याचं पारडं फिरवलं. सचिनचं पाचव्या दिवसाचं शतक त्या पायावर उभं आहे. गॉलला ३२९मधल्या नाबाद २०१ही त्याच्याच. पण इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड या तिन्ही देशांत त्याची सरासरी तिशीच्या खाली आहे. चेंडू हलतो, उसळतो, तिथे सलामीवीराची गरज सर्वांत जास्त, आणि तिथेच तो लवकर परतला. त्याच्याइतका आनंद मला कुणी दिला नाही, तरी या यादीत मी त्याला पहिल्या तिघांत घेत नाही. हेडनलाही नाही. हटनला घेतो. १९३८ला ओव्हलवर ३६४ करणारा हा माणूस युद्धकाळातल्या अपघातात डावा हात आखूड होऊनही परत आला आणि पुढची दहा वर्षं इंग्लंडची फलंदाजी ओढत राहिला.

तेव्हा माझं उत्तर: हॉब्ज, गावसकर, हटन. याच क्रमाने. आणि जोडी निवडायची, तर हॉब्जबरोबर सुनील. तो मुंबईचा म्हणून नाही. त्याचं कारण मार्च १९८७चं बंगळूर आहे.

तिथली खेळपट्टी पहिल्या दिवसापासून आखाडा होती. पाकिस्तान ११६, आपण १४५. चौथ्या डावात २२१ हव्या होत्या. इक्बाल कासीम आणि तौसीफ अहमद यांचे चेंडू धुळीतून कधी छातीपर्यंत उसळायचे, कधी घोट्याखालून निसटायचे. समोरच्या टोकाला एकेक जण जात होता. सुनील पाच तासांहून अधिक खेळला, २६४ चेंडू. वळणाऱ्या चेंडूला त्याने शेवटच्या क्षणापर्यंत खेळू दिलं, हात मऊ ठेवले, आणि वळून गेला तर जाऊ दिला. त्या डावाचं स्कोअरबुकातलं पान मला एकदा बघायचं आहे, कारण त्यात दोनशेच्या आसपास टिंबं असली पाहिजेत. ९६वर कासीमचा एक चेंडू उसळला आणि स्लिपमध्ये झेल गेला. आपण सोळा धावांनी हरलो. त्यानंतर तो कसोटी खेळला नाही.