फोन साधा, मन कसे?

स्मार्टफोन ठेवून देऊन बटणांचा साधा फोन घेणारे गृहस्थ हल्ली भेटतात. ‘सुटलो बुवा एकदाचा!’ म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पडद्यावरचा मजकूर न संपता पुढे येतच राहावा, ही युक्ती २००६ साली अमेरिकेतील अझा रास्किन यांनी काढली; पुढे त्यांनाच तिचा खेद वाटला. पोथीत अध्याय संपतो, तिथे माणूस उठतो. इथे अध्यायच संपत नाही, मग उठायचे कधी? तेव्हा हे दार लावून घेणे शहाणपणाचेच.

पण सज्जनहो, रेल्वेचे तिकीट सुनेने काढायचे, विजेचे बिल मुलाने भरायचे, आणि विरक्त मात्र आपण! हा त्याग नव्हे. आपले गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे झाले. साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केली आहे. ती शिकून घ्यावी; तिकिटाच्या रांगेत आपणच उभे राहावे. सोडल्याचे कष्ट आपण सोसले, तरच ते सोडले म्हणावे. एरवी काय, फोन तेवढा बदलला!