बॅट नेमकी कुणासाठी?

खेळाचं सामान पहिल्यांदा घेणं फार सोपं असतं. त्या वेळी आपल्याला काहीच कळत नसतं, आणि काही न कळणाऱ्या माणसाला दुकानदार, थोरला भाऊ आणि खिशातले पैसे मिळून योग्य तिथं पोचवतात. खरी पंचाईत होते ती वीस-पंचवीस वर्षं सोडलेला खेळ पुन्हा सुरू करताना. तेव्हा आपल्याला सगळं कळत असतं. फक्त ते सगळं पंचवीस वर्षांपूर्वीचं असतं.

आमच्या डोलवीत हा प्रश्न भात कापून झालं की उभा राहतो. पेणहून नागोठण्याकडे निघालं की वडखळनंतर लागणारं हे गाव. धरमतरची खाडी जवळ, मुंबई-गोवा महामार्ग त्याहून जवळ, आणि 1990 च्या दशकापासून पोलादाचा कारखाना तर उशाशीच. बाहेरच्या माणसाला डोलवी म्हटलं की पोलाद आठवतं. आम्हाला आठवतात ती भाताची खाचरं. मळणी झाली की धसकटं खणून काढायची, पाणी मारायचं, जमीन चोपायची, की झाली खेळपट्टी! मग टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट सुरू होतं ते पहिल्या पावसापर्यंत. रायगड जिल्ह्यात जसा आंब्याचा मोसम, तसाच हाही एक. लाउडस्पीकरवरचं समालोचन शेजारच्या गावात ऐकू जातं, आणि खेळणाऱ्यांपेक्षा बांधावर बसलेल्यांना खेळ जास्त कळत असतो.

बांधावर बसण्याची विद्या मीही पंचवीस-तीस वर्षं मन लावून केली. त्याआधी खेळत होतो. मग नोकरी लागली, बदल्या झाल्या, पाठोपाठ मुलांच्या परीक्षा आल्या. हल्ली आमच्याकडे चाळिशीपुढच्या गड्यांचे वेगळे सामने भरू लागले आहेत. यंदा वाटलं, आपणही उतरावं. घरात हा बेत बोलून दाखवला, तेव्हा सौ. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बॅटीची गॅरंटी दुकानदार देईल हो. गुडघ्यांची कोण देणार?"

बायकांना तत्त्वज्ञान येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न जपून ठेवावा.

पेणच्या बाजारात बॅट बघायला गेलो, तेव्हा ध्यानात आलं की दुकानात मी एकटा शिरलेलो नाही. आम्ही तिघे होतो. पहिला, पंचविशीतला मी. त्याला पूर्वीसारखीच बॅट हवी होती. लांब दांड्याची, आणि तीही ताबडतोब, कारण बाहेर मंडळी खोळंबली होती. दुसरा, मला जसं व्हावंसं वाटतं तसा मी. त्याची नजर टीव्हीवर दिसते तसल्या, जाडजूड कडांच्या बॅटीवर. आणि तिसरा, दुकानाची पायरी चढून कमरेवर हात ठेवून दम घेणारा पंचावन्न वर्षांचा गृहस्थ. त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. पैसे मात्र त्याच्याच खिशातून जायचे होते!

बॅट ही काही ऐरीगैरी वस्तू नव्हे. विलो नावाच्या झाडाच्या लाकडाची ती करतात. इंग्लिश विलो मऊ, हलका आणि महाग. काश्मिरी विलो जरा टणक, पण मध्यमवर्गीयाच्या खिशाला समजून घेणारा. लेदरच्या चेंडूसाठी इंग्लिश विलोची बॅट घेतली, तर तिला जवसाचं कच्चं तेल चोळायचं, लाकडी हातोडीनं तासन्‌तास हलके हलके ठोकायचं, आणि मग कुठं ती खेळायला तयार होते. पहिल्या वर्षी जावयाचेही इतके लाड होत नाहीत. टेनिसच्या चेंडूला हा सोहळा लागत नाही. त्यासाठी पाठीमागून कोरून हलक्या केलेल्या बॅटी मिळतात.

नियमांचं पुस्तक पाहिलं तर बॅटीच्या प्रत्येक गोष्टीला माप आहे. रुंदी सव्वाचार इंचांच्या वर नको, लांबी 38 इंचांच्या वर नको. 2017 पासून कडेची जाडीसुद्धा 40 मिलिमीटरपुरती बांधून दिली आहे. फक्त एका गोष्टीला माप नाही. वजनाला. बॅट किती जड घ्यावी, हे कायद्यानं ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलं आहे. आणि सदसद्विवेकबुद्धी दुकानात शिरताना बहुधा चपलांबरोबर बाहेरच राहते.

आमच्या एका स्नेह्यांनी सचिन तेंडुलकर जड बॅटीनं खेळायचा एवढ्या एका माहितीवर तशीच जड बॅट घेतली. सचिनची बाकीची माहिती त्यांनी विचारात घेतली नाही. पहिल्या षटकात त्यांनी ती बॅटीसारखी धरली, दुसऱ्या षटकात काठीसारखी टेकवली, आणि तिसऱ्या षटकात चेंडू यष्टिरक्षकाकडे पोचल्यानंतर फिरवली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "काका, पुढच्या चेंडूसाठी आत्ताच सुरू करा!"

याउलट आमच्या पेणची रीत बघा. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत सगळ्या मापांच्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या असतात. तरी घरचा कर्ता माणूस जातो तो मखराचं माप मनात धरून. शेजाऱ्याची मूर्ती केवढी, आपली भक्ती केवढी, हा हिशेब तिथं चालत नाही. दारातून आत यायला हवी, मखरात बसायला हवी आणि विसर्जनाला उचलता यायला हवी. देवाच्या बाबतीत आपण इतके व्यवहारी असतो. स्वतःची मूर्ती निवडतानाच का बिघडतं, कोण जाणे.

या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते अगदी भलत्या ठिकाणाहून, बर्फातून. डोलवीला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालतात तेवढाच. पण आमचा एक भाचा परदेशात असतो आणि तिथं बर्फावरून स्की नावाच्या लांब पट्ट्यांवर घसरण्याचा खेळ आहे. कॉलेजात असताना तो हे करी. वीस वर्षांनी पुन्हा हौस आली. तो जुन्या हिशेबानं पट्ट्या मागायला गेला. पूर्वी हात उंच करून मनगटापर्यंत पोचेल एवढी पट्टी घेत. 1990 च्या दशकात पट्ट्यांचा आकारच बदलला, मध्ये बारीक आणि टोकांना रुंद झाला, आणि आता हनुवटी ते कपाळ एवढी उंची बहुतेकांना पुरते. म्हणजे जुना खेळाडू जितकं छातीठोकपणे माप सांगेल, तितका तो चुकणार!

पण खरी गंमत पुढे आहे. पट्टी बुटाला जखडणारी एक कळ असते. माणूस पडला की ती सुटली पाहिजे, नाहीतर लांब पट्टीबरोबर पाय पिळला जातो. ती कळ किती घट्ट ठेवायची, हे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवतात. शिवाय एक प्रश्न असतो: तुम्ही कसे घसरता? सावधपणे, मध्यम, की धडाक्यानं? पन्नाशी आली की कळ आपसूक एक पायरी सैल करतात. बाकी भिस्त तुमच्या उत्तरावर. जुन्या तोऱ्यात 'धडाक्यानं' लिहिलंत, तर पडताना कळ सुटत नाही आणि पाय मोडतो. फार विनयानं 'सावधपणे' लिहिलंत आणि खेळलात जोरात, तर भलत्या वेळी कळ सुटते आणि तोंडावर आपटता.

मला हे फारच आवडलं. बढाईला शिक्षा व्हावी हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे. पण खोट्या नम्रतेलाही तेवढीच शिक्षा देणारं हे एकच यंत्र मला ठाऊक आहे. "छे हो, आमचं आता काय उरलंय, हातात द्याल ती फळी चालेल" असं म्हणणारे गृहस्थ मनातून नेमके उलटं ऐकायला टपलेले असतात. तेही खोटंच बोलत असतात, फक्त खालच्या पट्टीत.

इथं पंचावन्नचा कुठलाही गडी प्रा. दि. ब. देवधरांचं नाव काढणारच. 1892 सालचा त्यांचा जन्म, आणि 1939-40 व 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नायकत्वाखाली, म्हणजे ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर असताना. मीही घरी हाच दाखला दिला. पण देवधर खेळाकडे परतले नव्हते. ते गेलेच नव्हते! दुसरा दाखला ऑस्ट्रेलियाच्या बॉब सिम्पसनचा. 1968 मध्ये तो कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाला. 1977 मध्ये पॅकरनं बरेच मोहरे पळवले, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा कर्णधार म्हणून उतरला, आणि बेदी, चंद्रशेखरसमोर त्यानं पर्थला 176 धावा काढल्या. आता बोला! पण त्यानंही मधल्या काळात सिडनीतलं क्लब क्रिकेट सोडलं नव्हतं. माझ्या मधल्या काळात मी फक्त बांध सोडला नव्हता.

अंगातली उणीव हत्यारानं भरून काढायची हौस फार जुनी आहे. 1771 मध्ये इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा एक खेळाडू थेट यष्ट्यांच्या रुंदीची बॅट घेऊन उतरला. हा गडी रायगेटचा; रायगडचा नव्हे, उगाच आळ नको. समोरच्या हॅम्बल्डन संघानं लेखी निषेध केला, आणि तेव्हापासून बॅटीची रुंदी सव्वाचार इंच ठरली. एवढं करून व्हाइटचा संघ एका धावेनं हरला. पुढे डिसेंबर 1979 मध्ये डेनिस लिलीनं पर्थला चक्क ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडच्या कर्णधारानं तक्रार केली, लिलीनं रागानं बॅट भिरकावली, आणि 1980 च्या नियमांत बॅटीचं पातं लाकडाचंच हवं असं लिहिलं गेलं. नाहीतर पोलादाच्या बॅटीसाठी अख्खा देश आज डोलवीला आला असता.

तर प्रश्न असा, की स्वतःविषयी थोडं खोटं बोललं तर बिघडलं कुठं? म्हाताऱ्याला तेवढी मौज असू द्यावी, असं पुष्कळांचं म्हणणं. बर्फावर ते चालेलही. तिथं आपलं खोटं, आपलाच पाय. क्रिकेटमध्ये तसं नाही. मी पंचविशीतल्या हिशेबानं "ये!" म्हणून ओरडलो आणि पंचावन्नच्या पायांनी निघालो, तर धावबाद होतो तो दुसऱ्या टोकाचा बिचारा. मला झेपत नसलेल्या जड बॅटीनं मी चार चेंडू वाया घालवले, तर ते माझे एकट्याचे नसतात. आठ षटकांच्या डावात सगळे मिळून चेंडू 48. आणि मी आत असतो म्हणून कुणीतरी बाहेर बसलेला असतो. माणूस स्वतःची समजूत घालतो तेव्हा ती गोष्ट खासगी वाटते. तिचं बिल मात्र बहुधा समोरच्या टोकाला जातं. आपल्या तब्येतीविषयी, पगाराविषयी, मुलांच्या हुशारीविषयी आपण घरात जी गोड खोटी बोलतो, त्यांचीही गत हीच आहे. धावबाद दुसरंच कुणीतरी होतं.

म्हणून मी त्या तिघांत निवाडा केला. पंचविशीतल्याला सांगितलं, "तुझी खेळी झाली, आणि ती बऱ्यापैकी झाली. तुला बॅट लागत नाही." दुसऱ्याला म्हटलं, "तू रविवारी सकाळी सहाला उठून माझ्याबरोबर धावायला ये. वर्षभर आलास तर पुढल्या हंगामात तुझ्या बॅटीचं बघू." आणि तिसऱ्याच्या हातात काश्मिरी विलोची, पाठीत कोरलेली, हलकी बॅट दिली. दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का?" म्हटलं, "नाही, माझ्यासाठी."

कुणाला असाच बेत करायचा असेल, तर जाणत्यांनी सांगितलेली एक साधी परीक्षा आहे. दांड्याच्या वरच्या टोकाला धरणाऱ्या एकाच हातानं बॅट सरळ समोर धरायची आणि दहा अंक मोजायचे. हात थरथरला तर बॅट जड आहे, खाली ठेवा. मात्र अंक सावकाश मोजायचे. भराभर दहा म्हणून बॅट विकत घेणारे मी पुष्कळ पाहिलेत.