परसदार आणि देखावा

मराठी घराला पुढे अंगण आणि मागे परसदार असे, आणि या दोहोंचे धर्म निराळे होते. अंगण दाखवावयाचे, सडा, रांगोळी, वृंदावन, आल्यागेल्याचे स्वागत हे सर्व तेथे. परसदारी मोरीचे पाणी जाई, त्या पाण्यावर अळू आणि केळ वाढे, दोरीवर धुणे वाळे, आणि वाळवणाची राखण करीत एखादी म्हातारी बसलेली असे. परसाला कोणी कधी सुंदर म्हटले नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याच्या वाटेसही कोणी गेले नाही. हल्ली मात्र त्याच्यावर सौंदर्याची दृष्टी वळली आहे. त्यातून उपस्थित होणारा प्रश्न वरवर माळ्याच्या अखत्यारीतला वाटला तरी मुळात तो नीतीचा आहे, असे मला वाटते.

पिंपरी-चिंचवडचेच उदाहरण घेऊ. तेथे १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली ते विलीन झाले, परंतु निगडी-आकुर्डीकडील आखीव वस्तीला लोक अद्याप ‘प्राधिकरण’ असेच म्हणतात. संपादन केलेल्या शेतांचे भूखंड पाडून ते नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. कारखान्यांत नोकरी करणाऱ्या पिढीने त्यांवर टुमदार घरे बांधिली आणि मागे राहिलेल्या मोकळ्या पट्टीत कढीपत्ता, जास्वंद, शेवगा लाविला. पुढची पिढी हिंजवडीच्या संगणक-उद्योगात शिरली. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देश बंद झाला, तेव्हा या पिढीची कचेरी घरी आली आणि कित्येकांच्या बाबतीत ती पुरती परत गेलीच नाही. मागची कोठीची खोली कचेरी झाली आणि तिच्या खिडकीसमोर परसदार आले.

माझ्या परिचयाच्या अशाच एका घरी परसाचा नवा आराखडा तयार झाला. जागा बारा फूट रुंद, वीस फूट लांब. अळू उपटावयाचे, दोरी गच्चीवर न्यावयाची, मध्ये हिरवळ, कडेला बांबू, काळे गोटे आणि रात्री दिवे. गृहस्थांच्या मातोश्रींनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, “तुझ्या खिडकीतून दिसते म्हणून माझी दोरी काढायची होय रे?” मुलगा म्हणाला, “आई, दिवसाचे दहा तास मी त्या खिडकीपुढे बसतो. समोर ओल्या साड्या बघत बसू का?”

मुलाची मागणी चैनीची म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. डोळ्यांनाही भूक असते, हे यावरून मान्य करावयास हवे.

तथापि देखाव्याचा एक दोष असा की, तो पाहणाराकडून काहीच मागत नाही आणि जे मागावयाचे ते इतरांकडून मागतो. अळू घराच्या सांडपाण्यावर पोसते. घरातले पाणी पानाच्या रूपाने घरातच परत येते. हिरवळीचे तसे नाही. तिला नळीने चांगले पाणी लागते, आणि तेही ज्या शहरात महानगरपालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला व पुढे वर्षानुवर्षे तोच क्रम चालू राहिला, त्या शहरात. हे पाणी मुख्यतः पवनेचे. ते धरणापासून बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडविला आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. परसातल्या मूठभर गवताशी त्या तीन मृत्यूंचा संबंध जोडणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. मीही तो कार्यकारणाचा म्हणून जोडीत नाही. परंतु नळाची तोटी सोडताना हे पाणी कोठून येते याचा विसर पडू नये, इतका संबंध त्यात खास आहे. (कित्येक लोक यावर तोड म्हणून प्लास्टिकचे गवत अंथरतात. त्याला पाणी लागत नाही हे खरे. पण मे महिन्यात त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे!)

मग परस कोणाचे? मालकाचे, हे उत्तर पुरत नाही. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरात स्वतःच्या जागेतले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. म्हणजे आपल्या परसातला वृक्ष केवळ आपला नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. अळवाला आणि दोरीला मात्र कोणताच कायदा नाही. तेथे नीतीला एकटीनेच उभे राहावे लागते. आधी आला त्याचे, असे म्हणावे तर मातोश्रींच्याही आधी तेथे शेतकरी होता, आणि त्याची भाजी-ज्वारी कोणाला विचारून निघाली? तेव्हा वडीलकीचा हक्कही मला निर्णायक वाटत नाही.

माझ्या मते त्या जागेबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार, जो तिला रोज हात लावतो त्याचा. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल दिसला तो खुरपे हाती असताना दिसला. बांधावरून पाहणाराला तो दिसला असता की नाही, याची मला शंका आहे. मुलाने आराखडा खुशाल बदलावा, परंतु त्याआधी एक वर्ष स्वतः पाणी घालावे, पालापाचोळा गोळा करावा, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते ते पाहावे. शेवग्यावर सुरवंट कोणत्या महिन्यात येतात, हे कचेरीच्या खिडकीतून कळत नाही. वर्षानंतरही त्याला हिरवळच हवी असेल, तर तिच्यासाठी सायंकाळी नळी धरून उभे राहणे त्याच्याकडेच असावे. माळी ठेवून तो भार दुसऱ्यावर टाकल्यास मूळ आक्षेप तसाच राहतो.

त्या घरी तूर्त काहीशी तडजोड झाली आहे. अळू खिडकीखालीच राहिले आहे. आणि त्याच्या रुंद पानावर पावसाचे थेंब कसे घरंगळतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला परदेशी रोपांचे फारसे अप्रूप वाटू नये. मेज थोडे तिरपे केल्याने आता समोर जास्वंद येते. दोरीचे म्हणाल तर ती दुपारी कामकाजाच्या बैठका सुरू होण्यापूर्वी सोडून ठेवावयास मातोश्री कबूल झाल्या आहेत. श्रावणात मात्र ऊन पडेल तेव्हा कपडे वाळत पडतील, मग बैठक असो वा नसो, असे त्यांनी आधीच सांगून ठेविले आहे.