पावती फाडा की!

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक निजले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपाने किल्लारी, सास्तूर नि आजूबाजूची गावं कोसळली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचं ओझं. झोपेतल्या माणसांना उठायलाही सवड मिळाली नाही. जवळजवळ दहा हजार माणसं गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात बार्शीकडच्या एका गावच्या बाजारात जीप शिरली. पुढे तांबडं फडकं, ‘भूकंपग्रस्तांना मदत करा’, वर कर्णा. चार पोरं चादरीची चार टोकं धरून दुकानांपुढून निघाली. कापडवाल्या शेठजींनी चारचौघांना दिसेल अशी शंभराची नोट चादरीत टाकली.

चादर भाजीवाल्या आजीपाशी आली. आजीने कमरेची चंची सोडली, सुपारीच्या खांडांमधून घडी घातलेली दहाची नोट काढली आणि म्हणाली, “पावती फाडा की.”

“पावती कसली, आजी?”

“गणपतीच्या पाच रुपयांची फाडता, मग हिची नगं? कुण्या मंडळाचे तुमी? पैका कुणाच्या हवाली करणार?”

“लातूरला देणार.”

“लातुरात कुणाला?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यातला एक उसळला, “तिकडं माणसं गाडली गेलीत अन् तुम्हाला दहा रुपयांचा हिशेब पायजे?”

शेठजीही गादीवरून बोलले, “आजी, धर्माला देताना हात आखडू नये.”

“हात कुठं आखडला, शेठ? नोट चंचीतून काढली तवाच ती माझी राहिली न्हाई. ज्याचं घर पडलं त्याची झाली. त्याची नोट वाटेत कुणाच्या खिशात जाऊ नये म्हणून इचारते. माझी असती तर येवढं इचारलं नसतं.”

जीप पुढे सरकली. आजी शेजारणीला टोपलीवर लक्ष ठेवायला सांगून शाळेत गेली. तिथे हेडमास्तर मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी पैसे गोळा करत होते. वहीत नाव नि रक्कम, हातात सही केलेली पावती. पुढे मनीऑर्डरची पोच आली, ती त्यांनी फळ्याशेजारी डकवली. आजीला वाचता येत नव्हतं. तिने नातीकडून ती दोनदा वाचून घेतली.

आता जीपवाले भामटे होते असं सांगितलं की गोष्ट सोपी होईल. पण ते कोण होते हे गावाला कधीच कळलं नाही. पैसे खरंच पोचलेही असतील. शेठजींना मात्र आपल्या शंभराचं काय झालं ते सांगता येत नव्हतं, आणि कुणी उघड फसवलं असतं तर टोचलं नसतं इतकं ते त्यांना टोचत राहिलं.

हल्ली जीप येत नाही. मोबाइलवर रडणाऱ्या मुलाचा फोटो येतो, खाली क्यूआर कोड. तो स्कॅन केला की पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. संस्थेऐवजी भलत्याच कुणाचं नाव दिसलं तर पिन टाकायचाच नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते बघायचं, आणि आलेल्या लिंकवर बोट न ठेवता संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता आपल्या हाताने टाइप करायचा. प्रश्न आजीचेच: कुणाचे तुम्ही, कुणाच्या हवाली करणार?

२६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरलं. गावातल्याच तालमीची पोरं शेठजींच्या दुकानात आली. शेठजींनी गल्ल्यातून पाचशेची नोट काढली आणि विचारलं, “पावतीपुस्तक?”

“शेठ, आम्हाला ओळखत नाही का?”

“मी ओळखतो की. पण भुजातला ज्याचा हा पैसा आहे, तो कुठं ओळखतो तुम्हाला?”

पोरं तोंड वाकडं करत पुस्तक आणायला गेली.