वेताळाचे जुने खंड वाचताना

रेवस, ता. अलिबाग

चि. नातवास,


तुझं पत्र पोचलं. वेताळाच्या जुन्या चित्रपट्ट्यांचा खंड तू हौसेने घेतलास आणि अर्ध्यावर येण्याआधीच वैतागलास. तुझ्या दोन तक्रारी आहेत. गोष्ट पुढे सरकत नाही, तेच ते पुन्हा सांगतात, ही पहिली. दुसरी जास्त खोल आहे. जंगलातली सगळी माणसं भोळी आणि त्यांना तारणारा एकटा गोरा, हे तुम्हा मंडळींना लहानपणी खुपलं कसं नाही, असं तू विचारतोस.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. लेखक ली फॉकने वेताळाची, म्हणजे मूळच्या ‘फँटम’ची, पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली ती वर्तमानपत्रासाठी. रोज तीन-चार चौकटी छापायच्या, आणि काल कोणाचा पेपर चुकला असेल तर त्यालाही गोष्ट कळली पाहिजे. म्हणून कीर्तनकार आदल्या दिवशीचं आख्यान थोडक्यात सांगून पुढे निघतो, तसा फॉक पहिल्या चौकटीत मागचं सांगतो. ते सगळं एका बैठकीत वाचायला बसलास तर दमणारच. रोज चार-पाच पानं वाच, आणि चित्रकार रे मूरने काढलेल्या रात्री नीट बघ. नुसत्या काळ्या शाईत त्याने केवढी भीती उभी केली आहे!

आमच्या हातात असा खंड कधी आलाच नाही. आमच्याकडे होतं ते इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाने ते मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, १९९० पर्यंत चालवलं, आणि ते मराठीतही निघायचं. गावातलं कोणी मुंबईहून परतताना भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढण्याआधी अंक घेई, आणि रेवसला उतरेपर्यंत तो अर्ध्या लाँचने वाचलेला असे. पुढे घरोघर फिरून त्याचं मुखपृष्ठ निखळायचं. वेताळ आम्हाला परका कधी वाटला नाही. खांदेरी बेटावर कोळ्यांचा वेताळदेव आहे, तेव्हा समुद्रावर राखण करणारा वेताळ आमच्या ओळखीचाच होता.

आता तुझी दुसरी तक्रार. इंद्रजालचे संपादक पट्ट्या कापून पानांत बसवत, आणि कापताना बदलतही. वेताळाच्या देशाचं नाव त्यांनी डेंकाली केलं. ज्या चाच्यांनी पहिल्या वेताळाच्या बापाला मारलं, ते मुळात ‘सिंग’ टोळीचे. इंद्रजालमध्ये ते ‘सिंगा’ झाले. तुझ्या खंडात मूळ रूप आहे. १५३६ साली जहाज लुटलं जातं, एकटा तरुण किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतो. तोच पहिला वेताळ. फॉकच्या मूळ कल्पनेत तो किनारा बंगालच्या बाजूचा होता. आफ्रिका पुढे आली. म्हणजे गोऱ्याने ज्यांच्याविरुद्ध पिढ्यान् पिढ्या लढायचं ते लुटारू आपल्याकडचे, आणि नावाने सिंग! भारतात हे छापताना संपादकांनी नाव का फिरवलं असेल, ते तुला सांगायला नको.

इथे, या किनाऱ्यावर बसून वाचताना मला ही गोष्ट फार लागते. थळच्या किनाऱ्यावर उभा राहिलास की समोर खांदेरीचा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही त्यावर चालून आले. पुढे कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजांना ते मान्य नव्हतं, म्हणून त्यांच्या कागदांत कान्होजी चाचे ठरले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर आरमार पाठवलं, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागला आहे, तू ती पाहिली आहेस. तेव्हा कॉमिक्समध्ये ‘चाचे’ दिसले की हा शब्द कोण वापरतोय, एवढं आपल्या भागातल्या मुलाने तरी विचारलंच पाहिजे. आम्ही मुलं ते विचारत नव्हतो, कारण चित्रकार वाचकाला जिथे उभं करतो तिथूनच मूल बघतं, आणि त्याने आम्हाला वेताळाच्या पांढऱ्या घोड्यामागे उभं केलं होतं.

पण एवढ्यावर पुस्तक मिटू नकोस. जुने खंड क्रमाने वाचण्याचा खरा लाभ पुढे आहे. फॉकचाच जादूगार मँड्रेक घे. १९३४ साली सुरू झाला तेव्हा त्याचा सोबती लोथार बिबट्याचं कातडं नेसलेला, मोडकंतोडकं बोलणारा दांडगट नोकर होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढू लागला आणि लोथार बदलला. तो नीट बोलायला लागला, मित्र म्हणून बरोबरीने उभा राहिला. अमेरिकेत त्याच सुमारास काळ्या लोकांच्या हक्कांचा लढा पेटला होता. वेताळाच्या देशालाही डॉ. लुआगा हा तिथलाच काळा राष्ट्राध्यक्ष मिळाला. आणि आपल्याकडे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी इंद्रजालसाठी बहादुर लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, तोंडावर मुखवटा नाही. डाकूचा मुलगा, पण डाकूंशी लढायला गावकऱ्यांनाच उभं करणारा! आम्हाला आमच्यातला नायक मिळाला तो असा.

म्हणून जुन्या पानांतली खुपणारी चित्रं पुसून नव्याने छापावीत, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिला लोथार पुसून टाकला तर दुसरा किती पुढे आला, हे कोणाला कळणार? प्रकाशकाने प्रस्तावनेत स्पष्ट लिहावं आणि पानं जशी होती तशी ठेवावीत. मुलांच्या हाती देताना मोठ्यांनी शेजारी बसावं.

तू खंड परत करू नकोस. मे महिन्यात येशील तेव्हा तो घेऊन ये, आणि मँड्रेकचे १९६५ आधीचे आणि नंतरचे भाग मिळाले तर तेही आण. आपण शेजारी शेजारी ठेवून वाचू, आणि दुसऱ्या दिवशी थळला जाऊ. तोवर सिंग टोळीबद्दल तुझं काय मत झालं, ते मला सविस्तर लिही.

तुझे,
आजोबा