अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्या कुणी काढली, त्याने निदान एकदा तरी अंगण तपासून पाहिलं होतं का, असा प्रश्न मला परवापर्यंत पडला नव्हता. परवा भाच्याने मला बोलिंग खेळायला नेलं. हे बोलिंग म्हणजे क्रिकेटमधलं नव्हे. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर एक गुळगुळीत लाकडी रंगाचा पट्टा, टोकाला दहा पिना, आणि आपल्या हातात तीन भोकांचा कलिंगडाएवढा बॉल. पायात भाड्याचे बूट. माझे आधीच्या भाडेकरूच्या पायाने अजून गरम होते.

पहिले चार-पाच बॉल बरे गेले. मग काय बिनसलं कोण जाणे! मी मधल्या पिनेवर नेम धरावा आणि बॉलने वाटेतच डावीकडे वळून गटारात उडी घ्यावी.

"ह्या पट्ट्याला ढाळ आहे," मी जाहीर केलं.

वर सांगितलेली म्हण भाच्याच्या ओठांपर्यंत आलेली मला दिसली. पण पोरगा गुणी. म्हणाला, "ढाळ नाही मामा, पण लेन कोरडी पडलीय खरी."

तर त्या पट्ट्याला चक्क तेल लावतात! फेकायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट अंतर. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा हात, पुढे कोरडं. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेतो आणि मनगटाने दिलेला पीळ तिथे दाखवतो. पण प्रत्येक बॉल जाताना थोडं तेल अंगाला लावून नेतो, आमच्या काउंटरवरची पेनं जातात तसं. संध्याकाळपर्यंत लेन कोरडी. मग तोच बॉल लवकर आणि जास्त वळतो. गंमत म्हणजे तेल असलं काय, नसलं काय, डोळ्यांना पट्टा तसाच दिसतो.

"जरा जोरात फेका, मनगट कमी फिरवा," भाचा म्हणाला, "आणि मुख्य म्हणजे बॉल डावीकडे चुकतोय ना, मग तुम्हीच डावीकडे सरका. मधे अजून तेल असतं."

नावे पडलं की जमा करावं एवढंच कॉमर्समध्ये शिकलेल्या मला हे पटेना. डावीकडे चुकलं तर उजवीकडे जावं! मी बाणेदारपणे म्हणालो, "मी जागा सोडणार नाही. मी बरोबर फेकतोय."

आणि म्हणताक्षणी आठवलं, हे वाक्य मी पूर्वी एकदा म्हटलेलं आहे.

आमच्या शाखेत एक पेन्शनर आजोबा यायचे. हात थरथरायचा, सही जुळायची नाही. मी त्यांना तीनदा परत पाठवलं. नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा त्यांनी काचेला नाक लावून हळूच विचारलं, "साहेब, माझी सही पूर्वी कशी होती हो? जरा दाखवता? घरी गिरवून येतो."

मी म्हणालो, "तसं दाखवता येत नाही आजोबा." हेही नियमानुसारच.

शेजारच्या काउंटरवरच्या बाई उठल्या. बाहेर जाऊन आजोबांच्या बाजूला बाकावर बसल्या. ऑफिसरना हाक मारली, रांगेतला एक ओळखीचा खातेदार बोलावला. दोन साक्षीदारांसमोर आजोबांचा अंगठा घेतला आणि पैसे दिले. हेसुद्धा नियमातच होतं. मलाही पाठ होतं. फक्त त्यासाठी खुर्चीतून उठावं लागत होतं.

पुढे आजोबा माझ्याकडे कधी आले नाहीत. माझ्यासमोर कुणी नसलं तरी बाईंच्या रांगेत उभे राहायचे.

तुम्ही म्हणाल, असं सरकत सुटलं तर माणूस कुठवर जाईल? रास्त शंका आहे. दर नव्या मॅनेजरगणिक देव, पक्ष आणि चहातली साखर बदलणारे महाभाग मीही पाहिलेत. मी भाच्याला विचारलंच, "सरकायला मर्यादा काय?"

"डावीकडे-उजवीकडे कुठेही उभे राहा," तो म्हणाला. "पण ती पुढची काळी रेघ दिसतेय ना, तिच्यापलीकडे पाय गेला तर दहाच्या दहा पडल्या तरी शून्य."

मी रेघ नीट पाहून घेतली, दोन पावलं डावीकडे सरकलो आणि फेकला. सात पडल्या.

"अजून थोडं सरका, मामा," भाचा म्हणाला.