ह्यूईला रागवायचं का?

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'हॉन्टिंग ग्राउंड' हा व्हिडिओ गेम २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. प्रकार भयपटासारखाच, फक्त इथे पळायचं आपल्याला असतं. फियोना बेली ही अठरा वर्षांची मुलगी अपघातानंतर एका अनोळखी किल्ल्यात जागी होते. तिच्या मागे लागलेली माणसं तिच्याहून कितीतरी ताकदवान. ती फार घाबरली की खेळणाऱ्याचंही ऐकत नाही, वाट फुटेल तिकडे धावत सुटते. तिला भरवशाची सोबत एकच : ह्यूई नावाचा पांढरा जर्मन शेफर्ड कुत्रा.

गंमत अशी की हा कुत्रा बटण दाबलं की चालणारं यंत्र नाही. सुरुवातीला तो हाक मारली तरी येईलच असं नाही. ऐकल्यावर शाबासकी द्यायची, चुकल्यावर रागवायचं, जखमी झाला तर उपचार करायचे. असं करत करत विश्वास बसतो, आणि मग तो शत्रूच्या अंगावर झेपावतो. हे नातं बिघडलेलं राहिलं, तर फियोनाच्या वाट्याला एक फारच वाईट शेवट येतो.

जुने गेम जमवायचा नाद असलेल्या माझ्या भाच्याने हा गेम एकदा नीट संपवला. दुसऱ्या खेपेला त्याने ठरवलं, की मुद्दाम ह्यूईला रागवत राहायचं आणि तो वाईट शेवट बघायचा. अर्ध्या तासात त्याने खेळणं सोडून दिलं. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "मामा, तो खरा नाहीये, माहितीये मला. पण मी ओरडलो आणि मग हाक मारली, तर तो आला ना!"

इथेच जन्मलेल्या या मुलाच्या मोडक्यातोडक्या मराठीत मला एक जुना प्रश्न ऐकू आला. ज्याला इजा होऊच शकत नाही, त्याच्याशी वाईट वागणं वाईट असतं का?

सरळ उत्तर 'नाही' असं आहे. ह्यूई म्हणजे काही आकडे आणि चित्रं. हाच मुलगा दुसऱ्या गेममध्ये डझनावारी शत्रू मारतो आणि शांतपणे जेवायला येतो. मग इथेच का अडला? मला वाटतं, शत्रूला मारताना कुणाचा विश्वास मोडत नाही. ह्यूईला छळताना मात्र आपण विश्वास मोडण्याचा सराव करतो. कुत्रा खोटा असला, तरी सराव करणारा हात खरा असतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या जवळपास पोहोचला होता. नीतिशास्त्रावरच्या व्याख्यानांत तो म्हातारा झालेल्या कुत्र्याचं उदाहरण देतो. आयुष्यभर इमानाने राबलेल्या कुत्र्याला, आता उपयोग नाही म्हणून मालकाने गोळी घातली, तर कांटच्या मते कुत्र्याप्रति असलेलं कर्तव्य मोडत नाही, कारण असं कर्तव्यच नसतं. पण मालकाच्या स्वतःच्या माणुसकीला धक्का बसतो. खऱ्या, वेदना होणाऱ्या कुत्र्याबाबत हे उत्तर मला अपुरं वाटतं. ह्यूईबाबत मात्र ते चपखल बसतं.

पण याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. शाबासकी दिली की फायदा होतो हे एकदा कळलं, की ती शाबासकी उरते का गुंतवणूक होते? गेमचा नियम चांगुलपणाला बक्षीस देतो, आणि त्यामुळेच चांगुलपणाची परीक्षा घेऊ शकत नाही. परीक्षा होते ती महाभारतात. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि भाऊ एकेक करून कोसळतात, उरतो युधिष्ठिर आणि मागून आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मलाही नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या कुत्र्याचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता. उलट त्याच्यापायी स्वर्ग हातचा जात होता.

आपण परदेशात आलो, तेव्हा आपली कितीतरी नाती गरजेपोटी जुळली. कुणी विमानतळावर घ्यायला आलं, कुणी पहिले पंधरा दिवस घरात ठेवून घेतलं, कुणी गाडी चालवायला शिकवलं. त्यात गैर काही नाही. ह्यूई आणि फियोनाचंही गरजेपोटीच जुळतं. सोबत लागते ती भीती असते तेव्हाच. प्रश्न पुढचा असतो. आपली भीती संपली, गाडी आली, घर झालं, आणि तो घ्यायला आलेला माणूस आता एकटा, थकलेला, जरा कंटाळवाणा झाला आहे. त्याचा फोन आल्यावर आपण काय करतो, याचे गुण कुठेच मांडले जात नाहीत. चांगला शेवटही मिळत नाही. म्हणूनच ते वागणं पूर्णपणे आपलं असतं.

भाच्याने तो वाईट शेवट अजून पाहिलेला नाही. इंटरनेटवर शोधला तर मिनिटभरात सापडेल, हे त्यालाही माहीत आहे.